शाळेच्या लॅपटॉपवरचं ब्लॉकिंग व्हीपीएन टाकून चुकवणं चूक आहे का?

तू अकरावीत आहेस, शाळेने दिलेल्या लॅपटॉपवर प्रोजेक्टच्या साइटसुद्धा उघडत नाहीत आणि मित्राने फुकटचं व्हीपीएन, म्हणजे तुझं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवून ब्लॉकिंग चुकवणारं सॉफ्टवेअर, सुचवलंय. माझं म्हणणं, टाकू नकोस. पण शाळेचं सगळं बरोबर आहे म्हणून नव्हे.

मी नाशिकमध्ये शाळांच्या कॉम्प्युटर लॅबचं काम बघतो. बहुतेक फिल्टर तयार याद्यांवर चालतात. जुगार, दारू, अश्लील मजकूर अशा कॅटेगरी असतात, शाळा त्यांवर टिक करते. नववीतल्या एका मुलीने दिंडोरीच्या द्राक्षांवर प्रोजेक्ट घेतला होता. द्राक्षांचं पुढे काय होतं हे बघायला ती एका वायनरीच्या साइटवर गेली, तर 'अल्कोहोल' म्हणून पान बंद. नाशिकमध्ये द्राक्षांवर लिहायचं आणि वायनरी वगळायची, हे कसं जमणार? मासिक पाळीची नीट माहिती देणारी पानंही कधीकधी अशीच अडकतात. त्याचा मला जास्त राग येतो, कारण 'सर, हे पान उघडून द्या' म्हणायला कुठली मुलगी जाईल?

तरीही व्हीपीएन नको. लॅपटॉप शाळेचा आहे आणि तो अटी मान्य करून घेतलेला आहे. शिवाय फुकटचं व्हीपीएन म्हणजे तुझं सगळं ब्राउझिंग एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरमधून जाणार. ते ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन असेल तर टाकतानाच बहुधा 'सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतं, ती वाच. शाळेच्या फिल्टरला एरवी साइटचं नाव दिसतं. शाळेने लॅपटॉपमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (साइटशी होणारी सुरक्षित देवाणघेवाण मध्येच उघडून बघू देणारी डिजिटल फाइल) टाकलं असेल तर आतला मजकूरही दिसू शकतो. म्हणून खासगी मेल आणि घरचे पैशांचे व्यवहार त्या लॅपटॉपवर करूच नकोस.

ब्लॉक झालेल्या पानावर बहुधा पत्ता आणि कॅटेगरी येते. त्याचा स्क्रीनशॉट काढ आणि कुठल्या विषयासाठी हवंय ते एका ओळीत लिहून वर्गशिक्षकांना मेल कर. एक साइट मोकळी करणं लॅबवाल्याला पाच मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाले तर कारण लेखी माग आणि आईबाबांना विषय पालक-शिक्षक संघात मांडायला सांग. तिथेच त्यांनी हेही विचारावं, की मुलांच्या ब्राउझिंगची कोणती नोंद ठेवता, किती दिवस, आणि ती कोण बघतं? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूलच धरली आहे, त्यामुळे हा प्रश्न पालकांनी हक्काने विचारावा.