माळावरच्या प्लॉटिंगमुळे लांडगे-चिंकारे जातील, तक्रार कुठे करू?

गावाशेजारच्या माळावर प्लॉटचे खांब रोवलेत, तिथे लांडगे-चिंकारे दिसतात, तक्रार कुठे करू असं तुम्ही विचारलंय. ते सांगतोच, पण आधी आमचं ऐका.

पुरंदर तालुक्यात आमच्या घरचा सामाईक माळ होता. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. खाली मुरूम, वर कुसळी गवत, आणि वरच्या बांधाला खोकडांची, म्हणजे लहान कोल्ह्यांची, बिळं. मी शाळेत होतो तेव्हापासूनची. चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, प्लॉटिंगसाठी माळ विकला तेव्हा मार्च चालू होता. एका संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी मी तीन पिल्लं मोजली. शेपटीची टोकं काळी, पुढ्यात नाकतोड्यांचे पाय आणि बोराच्या बिया पडलेल्या. तसाच घरी जाऊन म्हणालो, "तात्या, पिल्लं फिरती होईपर्यंत महिनाभर जेसीबी थांबवा." तात्या म्हणाले, "खोकडाच्या नावावर सातबारा आहे का?" ओसरीवर बसलेले सगळे हसले.

दोन दिवस जेसीबीवाल्याने कड सोडून काम केलं. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला कामावर होतो. परत आलो तर बांधच नव्हता. अंधार पडता पडता मादी आली आणि दाबलेल्या मुरमाला नाक लावून बराच वेळ तिथेच फिरत राहिली. आता तिथे गुलमोहर लावलेत आणि तात्या म्हणतात, झाडं तर वाढली ना!

माळावर झाडं लावणं हा माळ मारण्याचाच प्रकार आहे. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. भोवत्या हे शिकारी पक्षी मध्य आशियातून हिवाळ्याला येतात आणि रात्री गवतात जमिनीवर बसतात. त्यांना तुमची सावली नको, मोकळं गवत हवं.

"त्यांच्यासाठी अभयारण्य आहे की" असंही ऐकवतील. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारा तेवढ्यात कोंडून राहत नाही, आणि लांडग्यांचा कळप तर याच्या कितीतरी पट मुलूख फिरतो. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला मारता येत नाही. पण तो राहतो ती खाजगी जमीन विकायला तो कायदा आड येत नाही. तिथेच सगळं अडतं.

म्हणून आधी सातबारा आणि फेरफार काढा. जमीन गायरान किंवा वनखात्याची निघाली तर जोर लावा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. ग्रामसभेत ठराव मांडा, तहसीलदार आणि वनपरिक्षेत्र अधिकारी दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. तारखेसकट फोटो काढून बिळं, पाणवठे, येण्याजाण्याच्या वाटा तिच्यात चढवा. नोंदीने प्लॉट रद्द होत नाही, पण हरकत घेताना हातात कागद असतो. आमच्या गावची वही कोरी होती.

खाजगी जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झाली असेल तर फार हाती नाही. निदान कुंपण जमिनीपासून वर ठेवायला लावा आणि राखणीची कुत्री मोकळी सोडू देऊ नका. पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याचा संकर डीएनए तपासणीत सापडलाय.

विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. कोरडवाहू ज्वारीवर घर चालत नाही, आणि तात्यांना मुलीचं लग्न होतं, हे मी नाकारत नाही. मी विक्री थांबवा म्हणालोच नव्हतो. तात्या आजही विचारतात, महिन्याने काय फरक पडला असता? तीन पिल्लं बिळाबाहेर पडली असती, तात्या.