वाचक विचारतात: हेडसेटमधलं इंजिन आणि हँगरमधलं इंजिन

मागच्या अंकात विमान मेंटेनन्सच्या करिअरबद्दल लिहिलं आणि नंतर आलेल्या मेलपैकी निम्मे तरी व्हीआरबद्दलच निघाले, म्हणजे ते डोळ्यावर हेडसेट चढवून आभासी विमानावर काम शिकणं. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, चार निवडले.

प्रश्न: मुलाला बारावीनंतर एएमईला (विमान मेंटेनन्स इंजिनिअरिंगला) घालायचंय, बी१.१ कॅटेगरी, म्हणजे टर्बाइन इंजिनच्या विमानांची. एका इन्स्टिट्यूटमध्ये व्हीआर लॅब आहे, त्याची फी वेगळी आहे. म्हणतात विमानाला हात न लावता इंजिन बदलायला शिकेल. पैसे घालावेत का?
– एक पालक, कराड

दादा, "विमानाला हात न लावता" हे ते मिरवून सांगतायत आणि मला नेमकी तिथेच शंका आली. पण उगाच मोडीत काढणार नाही, व्हीआरमध्ये चांगलं काय आहे ते आधी सांगतो.

मुलगा हेडसेट घालतो आणि डायरेक्ट इंजिनसमोर उभा राहतो, काऊल म्हणजे इंजिनवरचं झाकण उघडतो, कुठला पाईप कुठून कुठे जातो ते वाकून बघतो. आम्ही हे मॅन्युअलमधल्या ड्रॉइंगवरून डोक्यात बसवायचो आणि हँगरमध्ये गेल्यावर कळायचं की आपण उलटं समजलो होतो. शिवाय खरं विमान शिकाऊ पोरांच्या हातात देतो कोण, ते तासभर जास्त उभं राहिलं तरी वरच्या लोकांचे फोन सुरू होतात. चालू इंजिनच्या पुढे किती जवळ गेलं की आत ओढला जाशील हे तर खऱ्या विमानावर चूक करून शिकायची सोयच नाही, व्हीआरमध्ये जमिनीवर तेवढा पट्टा लाल करून दाखवता येतो, आत पाय टाकला तर सेशन खल्लास, पुन्हा पहिल्यापासून. कामाचा क्रमही चांगला बसतो. सर्किट ब्रेकर खेच, तो कुणी परत दाबू नये म्हणून त्याला कॉलर लाव, कॉकपिटमध्ये टॅग अडकव, मग हात घाल. वीस वेळा केलं की अंगवळणी पडतं.

आता काय येत नाही ते. लॉकवायर घ्या. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या भोकातून तार ओवून पीळ देत बांधतात, इंचाला साधारण ६ ते ८ पीळ, आणि तारेची ओढ बोल्ट आवळायच्या दिशेनेच पाहिजे. मी पहिल्यांदा बांधली तेव्हा दिसायला एकदम झकास, फक्त दिशा उलटी. सिनिअर काही बोलले नाहीत, पक्कड घेतली, कच्चकन तार कापली आणि रीळ माझ्याकडे सरकवलं. चौथ्या वेळेला जमली तोवर बोटांना तीन ठिकाणी टोचलं होतं. टॉर्क रेंचचा क्लिक मनगटाला कळतो, कानाला नंतर. व्हीआरमधला कंट्रोलर नुसता थरथरतो, खिशात मोबाईल वाजल्यासारखा. आणि जिथे डोळा पोचतच नाही तिथे दोन बोटांच्या टोकावर वॉशर धरून नट बसवायचा असतो, तो अजून तरी कुठल्या हेडसेटने शिकवलेला मी पाहिला नाही.

तर इन्स्टिट्यूटला तीन गोष्टी विचारा. डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाची, सीएआर-१४७ मान्यता (ट्रेनिंग संस्थेला लागते ती) दाखवा. या कोर्सचे २४०० तास असतात, त्यातले प्रत्यक्ष इंजिनवर आणि वर्कशॉपमध्ये किती? आणि ट्रेनिंगला कुठलं विमान आहे, त्याचे पार्ट काढून पुन्हा लावू देता की नुसतं लांबून दाखवता? उत्तरं सरळ आली आणि व्हीआर त्याच फीमध्ये असेल तर उत्तम. वेगळे पैसे मागत असतील तर मी देणार नाही.

प्रश्न: सर, मी लाईन मेंटेनन्सला (दोन उड्डाणांच्या मधे विमानतळावरच होणारी तपासणी-दुरुस्ती) आहे, नाईट शिफ्ट असते. आम्हाला आता व्हीआरचं रिफ्रेशर देणारेत, म्हणे चुका कमी होतील. खरंच होतात का?
– एक टेक्निशियन, नवी मुंबई

कुठल्या चुका, ते बघायला लागेल मित्रा. तुला दोन जुन्या केसेस माहीत असतीलच, ह्युमन फॅक्टर्समध्ये, म्हणजे माणसाकडून चुका का होतात त्या विषयात, शिकवतात, पण इतर वाचकांसाठी सांगतो.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन, वर चढताना कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, बाकीच्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच त्याआधी साधारण २७ तासांपूर्वीच, रात्रपाळीत बदललेली होती. ९० बोल्टपैकी ८४ व्यासाने बारीक निघाले, उरलेले आखूड. जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवून नवे आणले होते.

दुसरी लंडनच्या हीथ्रो विमानतळाची, २४ मे २०१३, एअरबस ए३१९. रात्री दोघे टेक्निशियन इंजिनचं काम अर्धवट ठेवून ऑइल भरायची गन आणायला गेले, काऊल नुसते टेकवलेले, लॅच (काऊलच्या कड्या) उघडे. परत आले ते दुसऱ्याच विमानापाशी. तिथे काऊल बंद दिसले, त्यांना वाटलं कुणीतरी लावले असतील. सकाळी टेकऑफला दोन्ही इंजिनांचे काऊल उडाले, एका इंजिनला आग लागली, विमान परत फिरलं, ८० माणसं सुखरूप उतरली हे नशीब. हे लॅच इंजिनच्या पोटाखाली असतात, गुडघे टेकून वाकल्याशिवाय दिसत नाहीत, तू रोज वाकतोसच.

आता व्हीआरमध्ये काय होतं बघ. समोर एकच विमान. बोल्ट उचलला की तो बरोबरच असतो. मधेच कुणी हाक मारत नाही, पाऊस नसतो, पहाटेचे साडेतीन वाजलेले नसतात. लॅच कसा लावायचा हे त्या दोघांना येत नव्हतं असं थोडीच आहे! म्हणून रिफ्रेशर सुरू व्हायच्या आधी तुमच्या इन्स्ट्रक्टरला सांग, स्टँडवर एकसारखी तीन विमानं उभी करा, ट्रेमध्ये चुकीचे बोल्ट मिसळा, काम अर्ध्यावर असताना फोन वाजवा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे अवघड नाही, फक्त त्यांना हे सांगायला हँगरमधलं कुणी जात नाही.

प्रश्न: काका, हेडसेट घातला की दहा मिनिटांत मला मळमळतं. बॅचमधली मुलं हसतात. मी या लाईनला अनफिट आहे का?
– विद्यार्थिनी, नागपूर

अगं वेडी आहेस का! डोळे म्हणतात आपण चालतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागेवर आहोत, त्या भांडणात पोट बिघडतं. विमानाच्या पोटाखाली बसून काम करण्याशी त्याचा काही संबंध नाही. हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर तुझ्या डोळ्यांप्रमाणे लावून घे, बहुतेक लॅबमध्ये आधीच्या मुलाचंच सेटिंग राहिलेलं असतं. स्टिकने चालत जाण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारायचा ऑप्शन असेल तर तो घे. पाच मिनिटांनी काढ, पुन्हा घाल. आणि मळमळायला लागल्यावर जिद्दीने बसू नकोस, जास्त वाढतं. तुझ्याच गावात मिहानला एवढी मोठी एमआरओ, म्हणजे विमान दुरुस्तीचं केंद्र, आहे, तिथे मोठमोठी विमानं येतात, ओळख काढून एकदा बघून ये.

प्रश्न: व्हीआरचे तास लायसन्सला धरतात का? आणि घरी प्रॅक्टिसला कुठला हेडसेट घेऊ?
– एक विद्यार्थी, सांगली

टाईप ट्रेनिंगच्या, म्हणजे एका ठरावीक मॉडेलच्या विमानाच्या ट्रेनिंगच्या, प्रॅक्टिकलमध्ये सिम्युलेशनचा काही भाग बसू शकतो, पण तो मान्य झालेल्या कोर्सचाच भाग पाहिजे, तू घरी केलेला नाही. कॅटेगरीतल्या पहिल्या टाईपसाठी लागणारं ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग) मात्र खऱ्या विमानावर, मान्यताप्राप्त मेंटेनन्स संस्थेतच.

हेडसेट नको घेऊस. लॉकवायरचं एक रीळ घे, वायर पिळायची पक्कड घे, आणि डोक्याला भोक पाडलेले चार बोल्ट एखाद्या लोखंडी पट्टीवर बसवून घे, ओळखीचा लेथवाला करून देईल. रोज रात्री दोन जोड्या बांध, सकाळी कापून टाक. कापलेले तुकडे मोजून डबीत टाकायचे, फरशीवर नाही, घरात लोक अनवाणी फिरतात.