वाचकांचे प्रश्न : एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडलं तर?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. दर रविवारी आसपासच्या मराठी घरातली मुलं माझ्याकडे मराठी शिकायला येतात, सगळी इंग्लिश नाहीतर गुजराती मीडियमची, चौथी ते आठवीतली. बोलतात छान, पण निबंध म्हटलं की चार ओळी लिहून वही बंद. भाचा म्हणतो मावशी यांना विकी करून देऊ, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता-बदलता येईल अशी साइट, सगळी मिळून एकेक पान लिहितील. पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडलं तर रडारड होईल ना? की थेट मराठी विकिपीडियावरच लिहायला लावू?

उत्तर : भाच्याचं ऐका ताई, पण विकिपीडियावर लगेच नको. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, तिथे ज्ञानकोशाचे नियम आहेत, संदर्भ द्यावा लागतो, आणि चौथीतल्या पोराचं पहिलंच वाक्य कुणा अनोळखी माणसाने काढून टाकलं तर ते परत लिहायला बसणार नाही. आधी तुमचं घरचं छोटं विकी करा. डोकुविकी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात, त्यामुळे कॉपी काढून ठेवणंही सोपं, आणि ती काढत राहाच, कारण विकीस्पेसेस नावाची विकी बनवून देणारी साइट शाळांमध्ये खूप वापरली जायची ती २०१८ ला बंद पडायला लागली. विकीला पासवर्ड लावा आणि मुलांना खरं नाव न देता टोपणनावं द्या.

आता खोडण्याचं. विकीवर काहीच हरवत नाही. प्रत्येक सेव्हची नोंद त्या पानाच्या इतिहासात राहते, कोणी केला, केव्हा केला, आधी काय होतं, आणि जुनं पान परत आणता येतं. पहिल्याच रविवारी मुलांना मुद्दाम एक ओळ खोडायला लावा आणि परत आणायला लावा, निम्मी भीती तिथेच जाईल. मग एकच नियम ठेवा, खोडायचं तर बदलाच्या खालच्या चौकटीत कारण लिहायचं. ‘हे वर आलंय’, ‘साल चुकलंय’, एवढंसं का होईना, पण ते मराठीत लिहिलेलं असतं आणि कुणासाठी तरी लिहिलेलं असतं!

मला विकी आवडतं ते वाचनासाठी. वहीतला निबंध फक्त बाई वाचतात, बाकीची मुलं कुठे वाचतात? विकीवर एक ओळ घालायची तरी आधीचं सगळं पान वाचावं लागतं. समजा पान घेतलं सयाजीराव महाराजांचं. एकाने लिहिलं, ‘महाराजांनी शिक्षण फुकट केलं.’ दुसरी विचारते, कधी? मग शोधायला लागतं, की १८९३ ला सक्तीचं मोफत शिक्षण आधी अमरेली भागात सुरू झालं आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात, आता पहिलं वाक्य मोडून नव्याने लिहायलाच लागतं. तिसरा १९१० ला लायब्ररीसाठी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावल्याचं घालतो, पान लांबतं, म्हणून लायब्ररीला वेगळं पान काढून इथून लिंक द्यायची. अजून न लिहिलेल्या पानाची लिंक लाल दिसते, आणि मुलं ती लिहायला स्वतःहून धावतात. परिच्छेद कुठे तोडायचा, काय कुठे जाईल, हे मी फळ्यावर शिकवायला गेले असते तर मुलं कंटाळली असती.

एका वेळी एका पानावर दोघं बसवा, डोकुविकी एकाला लिहिताना पान दुसऱ्यासाठी बंद ठेवतं, म्हणून एकाने बोलायचं आणि एकाने टाइप करायचं. शुद्धलेखन तुम्ही सगळं दुरुस्त करू नका, दर रविवारी दोन मुलांकडे फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि न-ण बघायचं काम द्या. ज्याला टायपिंग जमत नाही त्याला फोनवर बोलून टाइप करू द्या, त्यात बऱ्याचदा विरामचिन्हं येत नाहीत, चुकीचे शब्द घुसतात, ते वाचून नीट करणं हाच त्याचा धडा. आणि इतिहासात कोणाची नावं जास्त दिसतात त्यावरून मार्क नका देऊ, काही मुलं दहा वेळा स्वल्पविराम बदलतात आणि एखादी शांत मुलगी एकदाच येते आणि अख्खा परिच्छेद जोडून जाते, तो उघडून वाचा. अक्षरओळख, मोठ्याने वाचणं आणि हाताने लिहिणं मात्र चालूच राहू दे, विकी त्यांची जागा घेत नाही.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, प्रोजेक्टसाठी विकिपीडियावरून सरळ कॉपी करते. बंद करू का? (अलकापुरी, बडोदा)

उत्तर : बंद करू नका दादा, काम बदला. बडोद्यावरचा लेख मराठीत, गुजरातीत आणि इंग्लिशमध्ये उघडून द्या आणि सांगा, कुठे काय जास्त आहे, कुठे काय नाही, कशाला संदर्भ नाही ते मराठीत एक पानभर लिही. आयतं कुठून उचलता येत नाही, वाचायलाच लागतं. नंतर लेखाला जोडलेलं चर्चा पानही दाखवा, तिथे माणसं एकेका वाक्यावरून कशी भांडतात ते तिला खूप आवडेल.