रानपिंगळा दिसला नाही, मग शून्य टाकायचं का?

प्रश्न: ताई, मेळघाटच्या बाजूला आम्ही मित्र रानपिंगळ्याचा (त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचा) सर्व्हे करतोय, प्रत्येक पॉइंटवर चार फेऱ्या. बऱ्याच ठिकाणी काहीच दिसलं नाही. मी म्हणतो शून्य टाकून मोकळं व्हावं, मित्र म्हणतो बेजियन ऑक्युपन्सी मॉडेल लाव, म्हणजे न दिसलेला पक्षीही तिथे असायची शक्यता किती ते निघेल. लावलं, तर लॅपटॉप दोन दिवस नुसता घुरघुरतोय! – एक वाचक, अकोला

उत्तर: दिसला नाही म्हणजे तिथे नाहीच, असं धरून पॉइंटला शून्य टाकू नकोस बाबा. याच पक्ष्याचं बघ ना, १८८४ नंतर कुणाला खात्रीने मिळाला नव्हता, संपला असंच धरून चालले होते लोक, आणि १९९७ ला शहाद्याजवळ दिसला की!

आता समज पक्षी पॉइंटवर आहे आणि एका फेरीत दिसायची शक्यता ३० टक्के, तर चारही फेऱ्यांत हुकायची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे २४ टक्के, काही कमी नाही. जायच्या आधी तुझा अंदाज ‘असेल-नसेल निम्मं निम्मं’ असला तर चार कोऱ्या फेऱ्यांनी तो १९ टक्क्यांवर येतो, शून्यावर नाही. बेजियन म्हणतात ते हेच, आधीचा अंदाज डेटा बघून सुधारायचा, फक्त ते ३० टक्केसुद्धा मॉडेल तुमच्या डेटातूनच काढतं, म्हणून तर त्याच जागी परत परत जायचं (आणि एकाच सीझनमध्ये, नाहीतर पक्षीच जागा बदलतो आणि सगळं गणित फसतं).

लॅपटॉपचं दुखणं बहुतेक मॉडेलच्या स्पेशियल भागात आहे, म्हणजे जवळचे पॉइंट एकमेकांसारखे असतात हे धरणाऱ्या भागात. प्रत्येक पॉइंटचं बाकी सगळ्यांशी नातं मांडत बसलं की पॉइंट दुप्पट झाले तर काम आठपट होतं. त्यावर नीअरेस्ट नेबरची पद्धत आहे, एका पॉइंटने जवळच्या पंधराएक पॉइंटकडेच बघायचं, उत्तरात फारसा फरक पडत नाही. शिवाय २०१३ ची पोल्या-गॅमा ही गणिती युक्ती, तिच्यामुळे लॉजिस्टिकचं (हो-नाही उत्तरांच्या मॉडेलचं) किचकट गणित सोप्या नॉर्मल वितरणात बसतं आणि कॉम्प्युटरला चाचपडत पावलं टाकावी लागत नाहीत. आर (R) या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या स्पऑक्युपन्सी (spOccupancy) पॅकेजात दोन्ही आहे, फुकट.

पण खरं सांगू का, पॉइंट चाळीस-पन्नासच असतील तर स्पेशियलच्या नादाला लागूच नको, साधं मॉडेल काही मिनिटांत होईल. त्यापेक्षा फेरीची वेळ लिहिलीये का ते बघ. रानपिंगळा दिवसाउजेडी वावरणारा, सकाळची फेरी आणि भर दुपारची फेरी सारखी कशी धरणार? वेळ मॉडेलच्या डिटेक्शनच्या, म्हणजे पक्षी दिसायच्या शक्यतेच्या भागात टाक, आणि रिकाम्या फेऱ्यांच्या ओळी खोडल्या असतील तर आधी त्या ‘या फेरीत दिसला नाही’ म्हणून परत भर.