धाकट्या भावाला आरपी निघालं, डॉक्टर म्हणतात औषध नाही. मग रुग्णांच्या संस्थेकडे जाऊन काय मिळणार?

मला स्वतःला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्यामागचा पडदा, रेटिना, हळूहळू निकामी करणारा जीन्समधला आजार) आहे आणि मुंबईतल्या रुग्णांच्या एका छोट्या गटासाठी मी फोन घेतो. त्यामुळे उत्तर एकतर्फी वाटलं तर तेवढं वजा करून वाचा.

तुमचा भाऊ २६ वर्षांचा. अंधारात धडपडतो म्हणून दाखवायला नेलं, निदान झालं आणि 'वर्षाने या' म्हणून परत पाठवलं. आता तुम्ही विचारताय की डॉक्टरांना जे जमत नाही ते संस्था काय करणार, आणि यात पैसे उकळण्याचा प्रकार तर नाही ना.

नजर परत आणून देणारी संस्था नाही. उलट तसं कबूल करणारी भेटली तर लांब राहा. चांगल्या संस्थेचा पहिला उपयोग म्हणजे ती तुमचे पैसे वाचवते. निदानानंतरच्या वर्षात घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे एक पत्ता असतो. कुठे जडीबुटी, कुठे डोळ्यात घालायचे थेंब, कुठे 'स्टेम सेल'वाला दवाखाना. आमच्या गटातल्या एका काकांनी मुलासाठी उसाचं रान विकलं. इंजेक्शनं झाली, नजर होती तिथेच. आरपीसाठी स्टेम सेलचा उपचार भारतात मान्य नाही. तो फक्त ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवरच्या रीतसर चाचणीत, देता येतो. ट्रायल खरी असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी यादीत सापडते आणि उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. समोरचा ट्रायल म्हणतोय आणि लाखांचा आकडाही सांगतोय, तर चहासुद्धा न पिता उठायचं. हे सांगायला डॉक्टरांना ओपीडीत वेळ नसतो. आम्हाला असतो.

आशेपायी दूर जाणं आपल्याकडचंच नाही. गॉर्डन गुंड हा अमेरिकेतला बडा माणूस, पैशाची ददात नव्हती. तिशीच्या सुमारास आरपीने त्याची नजर जात आली तेव्हा तो उपचारासाठी सोव्हिएत संघातल्या ओडेसापर्यंत गेला. उपयोग शून्य. मग १९७१ मध्ये त्याने आणि त्याची बायको लुली हिने, ज्यांच्या मुलींना हाच आजार होता त्या बर्मन कुटुंबाबरोबर, आज 'फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस' म्हणून ओळखली जाणारी संस्था काढली आणि पैसा संशोधनाकडे वळवला. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या जीन थेरपीला (बिघडलेल्या जीनची चांगली प्रत डोळ्यात सोडणारा उपचार) परवानगी मिळाली. तिच्यामागच्या सुरुवातीच्या संशोधनात या संस्थेचा पैसा होता. म्हणजे सेहेचाळीस वर्षं. रुग्णांच्या संस्थांचा वेग हा असा असतो, घाईत असलेल्या माणसाला तो पटत नाही.

'आरपीवर इंजेक्शन आलं' हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. ते हेच औषध, लक्सटर्ना. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली होती, आणि ते चालतं फक्त आरपीई६५ या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर. आरपी मात्र ऐंशीहून जास्त जीन्सपैकी कुठल्याही एकातल्या बिघाडाने होऊ शकतं. म्हणून आमच्याकडे नवीन माणूस आला की आम्ही जेनेटिक टेस्टचं विचारतो. तिने आज काही बरं होत नाही; पण उद्या एखादी ट्रायल उघडली तर आपण तिच्यात बसतो की नाही हे कळतं. रिपोर्ट समजावणारा जेनेटिक काउन्सेलर गाठा, नाहीतर हातात नुसते कागद राहतात.

'औषध नाही' हेही पूर्ण खरं नाही. आरपीवाल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, त्याचं ऑपरेशन होतं. रेटिनाच्या मधोमध सूज येते, ती पुष्कळदा थेंबांनी उतरते. दोन्हींमुळे नजर आणखी धूसर होते आणि माणूस समजतो, आजारच वाढला. त्यामुळे वर्षाची तपासणी चुकवू नका. व्हिटॅमिन ए मात्र कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. काही प्रकारांत ते अपाय करतं.

आता कागदपत्रांचं, कारण जास्तीत जास्त फोन याचेच येतात. भावाला तक्त्यावरची अक्षरं बहुधा अजून नीट वाचता येत असतील. आरपीत आधी कडेचं जातं, मधलं शाबूत राहतं, नळीतून बघितल्यासारखं. मग दिव्यांग प्रमाणपत्र मागायला गेलं की 'सहा-नऊ (तक्त्यावर जवळजवळ पूर्ण नजर) दिसतंय की तुम्हाला' म्हणून परत पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीचं क्षेत्रही, म्हणजे समोर बघताना किती रुंद दिसतं तेही, धरलंय: ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. म्हणून हे क्षेत्र मोजणाऱ्या फील्ड टेस्टचा ताजा रिपोर्ट अर्जासोबत द्या, न विचारता पुढे करा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहून मिळालं की सरकारी नोकरीतल्या राखीव जागा खुल्या होतात. भाऊ प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत असेल तर अपंगत्वासाठी ७५,००० रुपयांची वजावटही मिळते. पांढरी काठी, स्क्रीन वाचून दाखवणारं मोबाइलवरचं टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवरचं फुकट मिळणारं एनव्हीडीए यांचं शिक्षण वरळीच्या नॅबसारख्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) संस्थांत विचारा, आणि नजर असतानाच शिकायला घ्या. काठी हातात घेतली की लोकांना कळेल, या भीतीने बरेच जण ते लांबवतात. रात्री प्लॅटफॉर्मवर चालताना लोकांना कळलेलंच बरं.

तुम्ही स्वतःचे डोळे तपासून घेतलेत का? प्रश्नात तसं कुठे दिसलं नाही. सख्ख्या भावंडांनी एकदा रेटिना दाखवावी, त्रास असो वा नसो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्नं होतात. दोघांकडे तोच बिघडलेला जीन असण्याची शक्यता त्यात वाढते आणि काही प्रकारचं आरपी तसंच उतरतं. काही प्रकार आईकडून मुलाकडे येतात, आईला फारसा त्रास नसताना. लगेच आईला दोष देणारी घरं मी पाहिली आहेत, आणि फोनवर त्या घरांशी वादही घातलाय. स्थळ बघताना सांगायचं का, हा प्रश्न तर ठरलेला. माझं मत: सांगायचं, पहिल्या दोन भेटींतच.

पैशांचं म्हणाल तर आमच्याकडे फी नाही. रेटिना इंडिया ही अशाच रुग्णांसाठी काम करणारी मोठी संस्था आहे, तिचीही माहिती काढा. कुठल्याही संस्थेत शिरण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा. प्रत्येकाला एकाच दवाखान्यात पाठवत असतील किंवा स्वतःच कॅप्सूल विकत असतील तर सोडून द्या.

आणि फोन भावाला करू द्या. आम्हाला नेहमी बहीण, वडील, मेहुणा यांचेच फोन येतात. ज्याला आजार आहे तो शेजारी बसून ऐकत असतो. सुरुवात तुम्ही करा, पण मग त्याच्या हातात द्या आणि जमलं तर खोलीबाहेर जा. गाडी चालवायची की नाही, ऑफिसात सांगायचं की नाही, हे तो तुमच्यासमोर विचारणार नाही.