स्केटबोर्डच्या ८.२५ डेकसाठी कोणते ट्रक घ्यावेत, आणि कोल्हापुरात ते मॉडिफाय करून मिळतात का?

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. डेक, म्हणजे पाय ठेवायची फळी, ८.२५ इंच रुंदीचा आहे, बोर्डबरोबर आलेले ट्रक वळत नाहीत म्हणून नवे हवेत. पुण्यातला एक जण इंडिपेंडंट कंपनीचे वापरलेले १४९ नंबरचे ट्रक देतोय, ते घ्यावेत का. उद्यमनगरची वर्कशॉपं हाताशी असताना जुन्यातच काही काम करून घेता येईल का. आणि जुने ट्रक जमवण्यात काही राम आहे का. मी शिरोलीला मशीन शॉपमध्ये कामाला आहे आणि बोर्डाचा नाद कॉलेजपासूनचा, त्यामुळं उत्तरात लोखंडाचा वास जरा जास्त येईल. चालवून घ्या.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात: ट्रक म्हणजे डेक आणि चाकं यांच्यामधलं धातूचं जोडकाम. बेसप्लेट चार बोल्टांनी डेकला बसते. तिच्यातून किंगपिन नावाचा जाड बोल्ट बाहेर येतो, त्यावर युरेथेनचे दोन बुश आणि दोन्ही बुशांच्या मध्ये हँगर. हँगरच्या पोटातून स्टीलचा ॲक्सल जातो. हँगरचं नाक बेसप्लेटमधल्या छोट्या वाटीत टेकतं, तिला पिव्हट कप म्हणतात. पाय एका बाजूला दाबला की बुश दबतात, हँगर झुकतो, बोर्ड वळतो. म्हणजे वळणं ही मुख्यतः बुशांची करामत आहे, आणि लोक पैसे घालतात ते हँगरवरच्या नावावर.

म्हणून ट्रक वळत नाहीत, तर आधी बुश काढून बघा. एखादा बुश व्हाइसमध्ये धरून हलकेच दाबा. चांगला युरेथेन दबतो आणि सोडल्यावर लगेच जागेवर येतो. हलक्या प्रतीचा एकतर दबतच नाही, नाहीतर दबलेलाच राहतो, कधीकधी चिरतो. स्वस्त तयार बोर्डांत बहुतेक हाच माल असतो. बुशांचा कडकपणा आकड्यात सांगतात, पुढं 'ए' लावून. ७८ ए म्हणजे मऊ, १०० ए म्हणजे जवळजवळ दगड. इंडिपेंडंटमध्ये मूळचे ९० ए येतात, बोन्स कंपनीचे ८१, ९१ आणि ९६ अशा तीन जातींत मिळतात. माझ्या अंदाजानं साठ किलोच्या आतल्याला ८६-८८, सत्तरीच्या आसपास ९०-९२, ऐंशीच्या वर ९५. खालचा, म्हणजे डेककडचा बुश वरच्यापेक्षा थोडा कडक ठेवला तर बोर्ड वळतोही आणि सरळ जाताना डगमगतही नाही. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी तेच बुश ढिले वाटतात आणि डिसेंबरच्या पहाटे कडक, तेव्हा एका दिवसाच्या अनुभवावर निकाल देऊ नका.

इथं एक गोष्ट जवळपास सगळेच करतात. बोर्ड फार डगमगतो म्हणून किंगपिनचा नट आवळत जातात. बुश फुगून वायसरच्या बाहेर आला की समजायचं, हद्द झाली. त्यापुढं नट पिळून फक्त बुश फाटतो आणि किंगपिनवर ताण येतो. किंगपिन तुटतो तेव्हा बहुतेक बेसप्लेटमध्ये शिरतो तिथंच तुटतो, आणि आधी सांगून तुटत नाही. डगमग नको असेल तर कडक बुश घाला. उलट नट इतका सैलही नको की नटातला नायलॉन आट्यांवर पुरता चढलेलाच नाही. कुरकुर येत असेल तर ती बहुधा पिव्हट कपाची असते. त्यात साबणाचा कीस नाहीतर मेण टाका. तेल नको, तेलाला धूळ चिकटते आणि मग धुळीचीच पेस्ट तयार होते.

आता रुंदी. इंडिपेंडंटचा १३९, १४४, १४९ हा आकडा म्हणजे हँगरची मिलिमीटरमधली रुंदी. ॲक्सल त्याहून लांब असतो: १३९ चा ८ इंच, १४४ चा ८.२५, १४९ चा ८.५. दुसऱ्या कंपनीच्या ट्रकवर तसाच आकडा दिसला तरी ॲक्सल तेवढाच असेल असं धरू नका. थेट पट्टी लावून टोकापासून टोकापर्यंत मोजा. ॲक्सल आणि डेक यांच्या रुंदीत दोन्हीकडं मिळून पाव इंचापर्यंत फरक चालतो. तुमच्या डेकला चपखल १४४.

उंचीचा विचार आपल्याकडं जास्त करावा लागतो, कारण आपले रस्ते. वर आलेली खडी, स्पीडब्रेकर, पेव्हिंग ब्लॉकच्या फटी. ५२ मिलिमीटरची कडक चाकं पार्कात छान, पण रंकाळ्याला निघालात तर दाताला दात लागतील. रस्त्यावरच चालवायचं असेल तर ५६ च्या पुढची मऊ चाकं लागतात, आणि मोठं चाक वळताना डेकला घासतं. घासलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो, तुम्ही पुढं जाता. म्हणून उंच ट्रक घ्या, इंडिपेंडंट नेहमीचे त्यातच मोडतात, साधारण ५५ मिलिमीटर. नाहीतर बेसप्लेट आणि डेक यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, घाला. रायझर विकत घेतलाच पाहिजे असं नाही, हार्डवेअरच्या दुकानातली रबरी गॅस्केट शीट कापून चालते. बोल्ट मात्र तेवढे लांब घ्यावे लागतील. रिव्हर्स किंगपिनचे, म्हणजे किंगपिन उलट दिशेला असलेले ट्रक, रँडल कंपनीच्यासारखे, लाँगबोर्डचे. ते रस्त्यावर लोण्यासारखे वळतात हे खरं, पण तुमच्यासारख्या ८.२५ च्या पॉपसिकल, म्हणजे दोन्ही टोकं गोल असलेल्या डेकवर कुणी सुचवले तर हसून सोडून द्या.

आता उद्यमनगर. इथं सगळ्यात आधी आट्यांचं समजून घ्या, कारण याच एका गोष्टीपायी लोक चांगले ट्रक घालवतात. ट्रक अमेरिकन मापांचे असतात. ॲक्सलचे आटे ५/१६ इंच, इंचाला २४. किंगपिन ३/८, तोही इंचाला २४. ॲक्सलचा नट हरवला की आपण काय करतो, ८ मिलिमीटरचा नट आणतो. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळं तो सुरुवातीला चढल्यासारखा वाटतो. पण साध्या एम-८ चा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या नटाचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिलिमीटर असतो आणि आपल्या ॲक्सलचा १.०६ च्या आसपास. दीड-दोन फेऱ्यांनंतर अडकतो, मग कुणीतरी पाना लावून जोर करतं आणि आटे सोलून निघतात. बारीक पिचचा, म्हणजे १ मिलिमीटरचा एम-८ त्याहून फसवा, कारण तो बराच आत जातो. दुकानात '५/१६ यूएनएफ', म्हणजे इंची बारीक आट्यांचा, असं स्पष्ट मागा. ऑटोमोबाईलचे नट-बोल्ट ठेवणाऱ्याला हा शब्द कळतो. आटे खराब झालेच असतील तर त्याच मापाची डाय फिरवून घ्या. दहा मिनिटांचं काम, ट्रक वाचतो.

पान्यांचंही तेच. किंगपिनचा नट ९/१६ चा, म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा घसरतो. ॲक्सलच्या अर्ध्या इंची नटाला १३ चा पाना कसाबसा चालतो, पण रोज वापरलात तर नटाचे कोपरे गोल होतात. इंची सॉकेट एकदाच विकत घ्या आणि विषय संपवा. बेअरिंगला मात्र ही कटकट नाही. ते ६०८ नंबरचं, मेट्रिक, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

लेथवर करून घेण्याजोगं काम म्हणजे पिव्हट कप. झिजला की हँगर आत खडखडतो. जुन्या ट्रकांचे कप मिळतही नाहीत. नायलॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा रॉड आणि जुना कप टर्नरच्या हातात द्या, माप तोच घेईल. बुशही मी पीयू रॉडमधून करून बघितलेत. बसतात, चालतात, पण त्यांना उसळी नाही, दाबल्यावर परत यायला आळस करतात. बुश विकतचेच बरे. ग्राइंड करताना, म्हणजे कठड्यावरून ट्रक घासत जाताना, किंगपिनचं टोक कठड्याला लागत असेल तर नटाच्या वर एक-दोन आटे ठेवून उरलेलं कापता येतं. कापल्यावर कानस मारून धार काढायची.

किंगपिन मोडल्यावर मात्र १० मिलिमीटरचा बोल्ट घालायला बेसप्लेटचं भोक मोठं करणारे मेकॅनिक आहेत. तसं करू देऊ नका. तिथंच तर सगळा भार येतो. ३/८ यूएनएफचा, ग्रेड ८ चा बोल्ट शोधा. मेट्रिकमधल्या १०.९ च्या ताकदीचा तो होतो. जुना काढताना नट टोकाशी लेव्हल होईल एवढा चढवून ठेवा, बेसप्लेट लाकडावर उपडी टेका आणि नटावर हातोडी मारा. उघड्या आट्यांवर मारू नका. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. २०१९ च्या महापुरात भिजलेली एक जोडी माझ्याकडं आली होती, किंगपिन आणि बेसप्लेटच्या मध्ये गाळ सिमेंटसारखा बसलेला. सकाळी दुसऱ्याच ठोक्याला सुटली. ॲक्सल एका बाजूला सरकला असेल तर तोही असाच, नट लेव्हलला ठेवून, ठोकून मध्यावर आणता येतो.

'आपल्याकडं एवढ्या फौंड्री आहेत, हँगरच ओतून घेऊ' हेही तुम्ही विचारलंय. विचार रांगडा आहे, मला आवडला. पण कोल्हापूरची ताकद मुख्यतः बिडाची आणि एसजी आयर्नची. हँगर असतो ॲल्युमिनियमचा, बहुधा ३५६ मिश्रधातूचा, टी-६ प्रक्रिया केलेला. म्हणजे ओतताना साच्यात स्टीलचा ॲक्सल धरून ठेवायचा, मग कास्टिंग ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवायचं, पाण्यात थंड करायचं आणि पुन्हा दीडशे-एकशेसाठला मुरवायचं. ॲल्युमिनियमचं काम करणारे इथंही आहेत, अशक्य काहीच नाही. पण पॅटर्नचा खर्च चार जोड्यांसाठी कोण करणार? शिवाय आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, राहिलं तर ते तुम्हाला बोर्डावरून जिना उतरताना कळणार. याच कारणानं तडा गेलेला हँगर वेल्डिंग करून वापरू नका. वेल्ड कितीही सुबक दिसला तरी आजूबाजूच्या धातूची टी-६ ची ताकद गेलेली असते.

जमवण्याबद्दल. १९७० च्या दशकाच्या आधी बोर्डाखाली रोलर स्केटचेच ट्रक लावत. खास स्केटबोर्डसाठी केलेले बेनेट आणि ट्रॅकर हे १९७५ च्या सुमाराचे, इंडिपेंडंट १९७८ चा. बेनेट वळायला अप्रतिम, पण त्याची प्लास्टिकची बेसप्लेट मोडायची, म्हणून न मोडलेला बेनेट दिसला की जमवणाऱ्यांचे डोळे चमकतात. असले ट्रक परदेशातून मागवायचे म्हणजे पार्सल आणि कस्टम धरून मूळ किमतीला लाजवणारा खर्च. भारतात राहून जमवायचं असेल तर इंडिपेंडंटच्या निरनिराळ्या स्टेज, म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्या, जुने थंडर आणि व्हेंचर इथं जीव रमवा. हे तिन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या एर्मिको फौंड्रीतून आलेले. एकाच भट्टीचे तीन स्वभाव शेजारी ठेवून बघण्यात खरी मजा आहे.

जमवलेल्या ट्रकांना बफिंग करू नका. हुपरीच्या बाजूला कुणी तुम्हाला हँगर चांदीसारखा करून देईल, पण ग्राइंडच्या खुणा आणि कास्टिंगवरची अक्षरं पुसली की जमवणारा त्याला हात लावत नाही. ट्रॅकरचे काही ट्रक मॅग्नेशियमचेही होते. तसला हाताला संशयास्पद हलका लागला तर चिंच, लिंबू, व्हिनेगर असलं काही लावू नका, धातू खाल्ला जातो. ग्राइंडरला तर अजिबात लावू नका, मॅग्नेशियमची भुकटी पेट घेते. पावसाळ्यात आपल्याकडं कपाटात ठेवलेल्या स्टीललाही गंज चढतो, म्हणून ॲक्सलवर तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, झाकणाच्या डब्यात ठेवा. जुन्या ट्रकच्या बेसप्लेटची भोकंही आधी मोजा. लांबीच्या दिशेनं आताचं अंतर ५४ मिलिमीटर, जुनं ६३.५. इंडिपेंडंटच्या बेसप्लेटला सहा भोकं असतात ती दोन्ही डेकांवर बसावीत म्हणून.

राहिले ते पुण्याचे १४९. तुमच्या डेकवर प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर बाहेर येतील. चालतं. पुढचा डेक ८.५ घेणार असाल तर उलट बरंच. पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडून तीन फोटो मागा: हँगरचा पोटाकडून, किंगपिनचा बाजूनं, आणि चाकं काढून ॲक्सलच्या दोन्ही टोकांचा. घासून घासून हँगरच्या खाचेत स्टीलचा ॲक्सल उघडा पडला असेल तर किंमत निम्म्यावर आणा. किंगपिन वाकलेला असेल तर नव्या किंगपिनचे पैसे वजा करा. ॲक्सलच वाकलेला असेल तर सोडून द्या. फोटोत ते नेहमी कळत नाही, म्हणून ट्रक हातात आल्यावर चाकं लावून स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर ठेवा आणि चाकं एकेक करून हळू फिरवा. एखादं लडबडत फिरलं तर आधी चाक बदलून बघा, दोष चाकाचा की ॲक्सलचा ते लगेच समजेल. बुश त्याचे ठेवू नका, दुसऱ्याच्या वजनाला मुरलेले असतात. तेवढे नवे ९० ए घ्या.