शिकागोजवळ राहतो, जानेवारी चालू आहे, टोमॅटो-मिरचीचं बी घरात आत्ताच टाकू का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच पुण्याहून नेपरव्हिलला आलात, मागे छोटं यार्ड आहे, बाहेर बर्फ पडलाय आणि टोमॅटो, मिरची, वांगी, कोथिंबीर, तुळस या सगळ्यांचं बी घरात ट्रेमध्ये आत्ताच टाकावं का असा प्रश्न आहे. तर सरळ उत्तर, आत्ता नका टाकू. कांदा रोपापासून करायचा असेल तरच जानेवारीअखेर हात घाला, बाकी सगळ्याला वेळ आहे आणि तो वेळ जाऊ देणं हेच इथल्या बागेतलं सगळ्यात अवघड काम आहे.

मी तुमच्याच बाजूला, शिकागोच्या पश्चिमेच्या सबर्बमध्ये, अकरा वर्षं भाजी लावतोय. पहिल्या वर्षी मी संक्रांतीला तिळगूळ खाऊन लगेच टोमॅटोचं बी टाकलं, दक्षिणेच्या खिडकीत ट्रे ठेवला आणि आठवड्यात कोंब आले तेव्हा इतका आनंद झाला की आईला व्हिडिओ कॉल करून दाखवले. पण जानेवारीत इथे दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा, सूर्य खाली, त्यात निम्मे दिवस ढग, त्यामुळे ती रोपं उजेड शोधत नुसती दोऱ्यासारखी उंच झाली आणि माना टाकायला लागली. जी जगली ती मार्चपर्यंत फूटभर झाली, दोनदा कुंडी बदलली, एप्रिलमध्ये घरातच फुलं आली, आणि बाहेर लावायला तर मे उजाडायचा होता. मुळं कुंडीत गोल गोल फिरून गच्च झालेली. त्याच वर्षी १ एप्रिलला काही बिया सहज म्हणून टाकल्या होत्या, त्यांची बुटकी जाड रोपं मेमध्ये लावली आणि जुलैत त्या रोपांनी जानेवारीच्या रोपांना मागे टाकलं. तेव्हापासून मला पटलंय की लवकर टाकलेलं बी लवकर फळ देईलच असं अजिबात नाही.

मग तारीख कशी काढायची, तर आधी रोप बाहेर कधी जाणार ते ठरवायचं आणि तिथून उलटं मोजायचं. आपल्याकडे हे नवीन नाही. माझे काका सांगलीकडे मिरची करायचे, त्यांचं सगळं गणित मृगावरून, ७ जूनच्या आसपास मृग लागणार, पाऊस झाला की लावणी, म्हणजे गादीवाफ्यावर बी कधी पडलं पाहिजे ते पाच-सहा आठवडे मागे मोजून ठरायचं. इथे पावसाच्या जागी शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे वसंतातली शेवटची गोठवणारी रात्र, धरायचा एवढाच फरक. आणि हां, काकांचं रोप पाच-सहा आठवड्यांत तयार व्हायचं कारण मे महिन्याचं ऊन आणि गरम माती, आपलं रोप घरात लाइटखाली वाढणार, त्याला मिरचीसाठी आठ ते दहा आठवडे धरा.

आता शेवटचा फ्रॉस्ट. हवामान खात्याच्या नोंदींतून जी तारीख मिळते ती बहुतेक वेळा निम्म्या शक्यतेची असते, म्हणजे दोनातल्या एका वर्षी त्या तारखेनंतरही पारा ३२ फॅरनहाइटला, म्हणजे शून्य सेल्सिअसला, येऊ शकतो. त्या तारखेला टोमॅटो बाहेर लावणं म्हणजे नाणं उडवणं. शिकागो शहरात मिशिगन तलाव आणि सिमेंटच्या उबेमुळे फ्रॉस्ट लवकर संपतो, आपल्या सबर्बमध्ये उशिरा. इथले जुने बागवाले मदर्स डे, म्हणजे मे महिन्याचा दुसरा रविवार, गेल्याशिवाय नाजूक काही लावत नाहीत, मी १५ मे धरतो. तेही टोमॅटोसाठी. मिरची, वांगी, तुळस यांना नुसता फ्रॉस्ट टळून भागत नाही, रात्री ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या, वर राहायला लागल्या पाहिजेत, नाहीतर रोप मरत नाही पण जागच्या जागी थांबतं आणि मग पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. म्हणून त्यांच्यासाठी २५ मे.

एक गोंधळ सगळे करतात म्हणून सांगतो, तो झोनचा. बियांच्या पाकिटावर आणि नर्सरीत सगळीकडे झोन झोन चालतं, २०२३ मध्ये त्याचा नवा नकाशाही आला. पण झोन फक्त एवढंच सांगतो की तुमच्याकडे हिवाळ्यात कडाक्यात कडाका सरासरी किती पडतो, म्हणजे गुलाब किंवा सफरचंदाचं झाड हिवाळा काढेल का ते. बी कधी टाकायचं ते झोनवरून कळत नाही. सिएटल आणि डॅलसचा झोन जवळपास सारखाच निघतो, पण डॅलसवाले मार्चमध्ये टोमॅटो लावून मोकळे होतात आणि सिएटलमध्ये मेपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा झोन बाजूला ठेवा, आपल्या पिनकोडची फ्रॉस्टची तारीख बघा.

आता उलटं मोजूया. मिरची २५ मेपासून दहा आठवडे मागे, म्हणजे १५-१६ मार्च. वांगंही त्याच आठवड्यात किंवा जरा नंतर. भूत जोलोकियासारखी जहाल मिरची करायची असेल तर तिचं बी उगवायलाच कधीकधी तीन-चार आठवडे घेतं, ती फेब्रुवारीच्या मध्यावर टाका. टोमॅटो १५ मेपासून सहा-सात आठवडे मागे, म्हणजे २७ मार्च ते ३ एप्रिल. माझी बायको हे असं लक्षात ठेवते की होळी झाली की मिरची आणि पाडवा झाला की टोमॅटो, आणि बऱ्याच वर्षी ते जमतंही, पण अधिक महिन्यामुळे सण दोन-तीन आठवडे पुढे-मागे होतात म्हणून मी तरी फ्रिजवर तारखाच लिहून लावतो. कोबी-फ्लॉवरला थंडी चालते, ते एप्रिलच्या मध्याला बाहेर जातात म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तुळस, आपली देवाची, एप्रिलच्या सुरुवातीला, बी अगदी बारीक असतं ते मातीत गाडू नका, वरच भुरभुरून हलकं दाबा आणि ऊब द्या. इटालियन बेसिल एप्रिलच्या मध्यावर, ते भराभर वाढतं. दुधी, कारली, दोडका एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि तेही कागदाच्या किंवा पीटच्या कुंडीत, कारण मुळांना धक्का लागलेला त्यांना खपत नाही, कुंडीसकट लावता येतात. कारल्याचं बी जाड सालीचं, रात्रभर पाण्यात भिजवा.

कोथिंबिरीचं मात्र ट्रेमध्ये काही करूच नका. तिचं मूळ सरळ खाली जातं, उपटून लावलेली आवडत नाही. एप्रिलच्या मध्यावर जमीन हाताला मोकळी लागली की धणे हलके रगडून दोन फोडी करा आणि सरळ वाफ्यात पेरा, थोडा फ्रॉस्ट सोसते ती. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरत राहा, जूनच्या उन्हात लगेच फुलावर येते, मग पुन्हा ऑगस्टच्या शेवटी. मेथी, मुळा, मटार तसेच, सरळ जमिनीत. भेंडी आणि गवार माती चांगली गरम झाल्यावर, मेअखेर किंवा जूनमध्ये. मेथीदाणे इंडियन स्टोअरमधल्या किराणाच्या पाकिटातले मस्त उगवतात, वेगळं बी विकत घ्यायची गरज नाही.

कांद्याबद्दल एक महत्त्वाचं. गावाकडून कोणी नाशिकच्या कांद्याचं बी देत असेल तर ते इथे उपयोगाचं नाही. आपले कांदे लहान दिवसाचे, म्हणजे दिवस लहान असतानाच कांदा धरणारे, इथे उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा होतो, त्यामुळे पात वाढायच्या आधीच कांदा धरायला लागतो आणि सुपारीएवढे होऊन थांबतात. लाँग डे, म्हणजे मोठ्या दिवसाचं, असं लिहिलेलं बी घ्या. आणि तसंही भारतातून बॅगेत बिया आणायच्या तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बियांना कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, किंवा परमिट लागतं, उगाच एअरपोर्टवर फेकून द्यावं लागेल. इथेच भारतीय भाज्यांचं बी ऑनलाइन सहज मिळतं.

तारखेइतकीच ऊब आणि उजेड महत्त्वाचे. एका वर्षी मी मिरचीचे ट्रे बेसमेंटमध्ये जमिनीवर ठेवले, तिथे बासष्ट फॅरनहाइटच्या आसपास तापमान, तीन आठवडे झाले तरी एक कोंब नाही, बी खराब निघालं असंच मला वाटलं. मग ट्रेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी चटई, ठेवली, माती ८० फॅरनहाइटच्या आसपास आली आणि आठ दिवसांत उगवलं. घर अडुसष्टवर असलं तरी ओल्या ट्रेमधली माती त्याहून गारच असते हे लक्षात ठेवा. उगवल्यावर मॅट काढा, आता उजेड हवा. महागडे जांभळे ग्रो लाइट नकोत, गॅरेजमध्ये लावतात ती साधी चार फुटी एलईडी पुरते, रोपाच्या शेंड्यापासून तीन-चार इंचांवर टांगा, टायमर लावून रोज १४ ते १६ तास. रोप वाढेल तशी लाइट वर घ्या. पाणी खालून ट्रेमध्ये द्या आणि छोटा पंखा मंद चालू ठेवा, नाहीतर सतत ओलीमुळे बुरशी येते आणि चांगली रोपं मातीलगत काळी पडून एका रात्रीत आडवी होतात, आपल्याकडे वाफ्यात रोपं कोलमडतात तेच हे.

उशीर होईल ही भीती मनातून काढा. टोमॅटो-मिरचीच्या पाकिटावर जे ७० किंवा ७५ दिवस लिहिलेले असतात ते बाहेर लावणी केल्यापासून मोजतात. २५ मेला लावलेली मिरची ऑगस्टच्या सुरुवातीला तोडायला येते आणि आपल्याकडे फ्रॉस्ट परत यायला साधारण ऑक्टोबर उजाडतो, म्हणजे दोन महिने तोडा चालू राहतो.

या महिन्यात हात शिवशिवत असतील तर जुन्या बियांची परीक्षा घ्या. ओल्या पेपर टॉवेलमध्ये दहा बिया गुंडाळून झिपलॉकमध्ये घालून फ्रिजच्या वर उबेला ठेवा, दहा-बारा दिवसांत किती उगवल्या बघा. टोमॅटोचं बी चार-पाच वर्षंही चालतं, कांद्याचं दुसऱ्या वर्षीच दगा देतं. आणि खिडकीत एका पसरट डब्यात मेथी दाट पेरा, आठ-दहा दिवसांत कोवळी पानं खुडून पिठल्यावर घाला, हिवाळ्यात तेवढी हिरवी चव फार बरी वाटते.

मेमध्ये रोपं एकदम बाहेर नेऊन लावू नका. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं थोडं ऊन आणि वारा वाढवत सात-दहा दिवस, नाहीतर पानं पांढरी पडून करपतात. मेच्या पहिल्या आठवड्यात हमखास दोन-तीन दिवस सत्तर फॅरनहाइटचे येतात, शेजारीपाजारी सगळे कुंड्या घेऊन बाहेर पडतात, मीही एकदा त्या उबेला भुलून चौदा टोमॅटो लावले होते आणि चौथ्या रात्री सगळे काळे झाले. दहा दिवसांचा अंदाज बघा, रात्रीचा आकडा पन्नासच्या खाली दिसला तर रोपं आतच राहू द्या. आणि लावून झाल्यावर अचानक फ्रॉस्टचा इशारा आला तर जुनी सुती चादर काठ्यांवर टाकून झाका, कडा जमिनीला टेकवून दगड ठेवा, प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नका, आणि सकाळी ऊन आलं की लगेच काढा.